मार्क वायझर

मार्क डी. वायझर (२३ जुलै, १९५२ – २७ एप्रिल, १९९९) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. युबिक्विटस कम्प्युटिंग, म्हणजेच सर्वव्यापी संगणन, या संकल्पनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात काम करीत असताना १९८८ मध्ये त्यांनी ही संज्ञा प्रचारात आणली. संगणक हे टेबलावर ठेवलेले एकच यंत्र न राहता भिंत, फळा, वही, बिल्ला अशा नित्याच्या वस्तूंमध्ये विखुरले जातील आणि वापरणाऱ्याचे लक्ष यंत्राकडे न जाता स्वतःच्या कामाकडे राहील, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे पर्व्हेसिव्ह कम्प्युटिंग, वस्तूंचे इंटरनेट, स्मार्ट घरे इत्यादी नावांनी विस्तारलेल्या क्षेत्राचा वैचारिक पाया त्यांच्या लेखांत आणि त्यांच्या प्रयोगशाळेने तयार केलेल्या उपकरणांत आढळतो. आज्ञावलींच्या विश्लेषणासाठी वापरली जाणारी प्रोग्राम स्लायसिंग ही पद्धतही त्यांनीच मांडली.

बालपण आणि शिक्षण

वायझर यांचा जन्म अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात शिकागो परिसरात झाला. त्यांचे बालपण मुख्यत्वे न्यू यॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथे गेले. त्यांचे वडील रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. शालेय शिक्षणानंतर वायझर यांनी फ्लोरिडातील सारासोटा येथील न्यू कॉलेजमध्ये प्रवेश घेतला. तेथे त्यांचा ओढा तत्त्वज्ञानाकडे होता. तथापि पदवी पूर्ण न करताच त्यांनी हे महाविद्यालय सोडले.

त्यानंतर ते मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे गेले व संगणक आज्ञावलीकार म्हणून काम करू लागले. पहिली पदवी हाती नसतानाही मिशिगन विद्यापीठाने त्यांना पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश दिला. संगणक व संज्ञापन शास्त्र या विषयात त्यांनी १९७६ मध्ये एम.ए. आणि १९७९ मध्ये पीएच.डी. या पदव्या मिळवल्या.

तत्त्वज्ञानाचा हा आरंभीचा संस्कार त्यांच्या पुढील लेखनात टिकून राहिला. मायकेल पोलान्यी, मार्टिन हायडेगर, हान्स-गेऑर्ग गाडामर या विचारवंतांचा उल्लेख त्यांनी संगणकविषयक लेखात केला, ही त्या काळातील तांत्रिक लेखनात दुर्मीळ गोष्ट होती. कुशल माणूस हातातील साधन वापरताना त्या साधनाचा विचार करीत नाही, हा या विचारवंतांकडून घेतलेला मुद्दा वायझर यांच्या संपूर्ण कार्याचा आधार ठरला.

मेरीलँड विद्यापीठ आणि प्रोग्राम स्लायसिंग

पीएच.डी. मिळाल्यावर वायझर १९७९ मध्ये कॉलेज पार्क येथील मेरीलँड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात अध्यापक म्हणून रुजू झाले व १९८७ पर्यंत तेथे होते.

त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रोग्राम स्लायसिंग हा होता. मोठ्या आज्ञावलीत एखाद्या ठिकाणी चुकीचे उत्तर दिसते, तेव्हा अनुभवी आज्ञावलीकार ती पहिल्या ओळीपासून वाचत नाही. ज्या चलाचे मूल्य चुकले आहे त्यावर कोणकोणत्या ओळींचा परिणाम होतो, याचा तो उलट दिशेने माग घेतो आणि बाकीच्या ओळी मनातल्या मनात वगळतो. उरलेला भाग म्हणजे त्या आज्ञावलीचा एक काप. असा काप आज्ञावलीतील माहितीचा व नियंत्रणाचा प्रवाह तपासून यंत्राकडूनही काढता येतो, हे वायझर यांनी दाखवून दिले. सर्वांत लहान काप प्रत्येक वेळी निश्चितपणे शोधणे तत्त्वतःच अशक्य आहे, म्हणून व्यवहारात पुरेसा लहान काप काढण्याची रीत त्यांनी सांगितली. हा विषय त्यांनी १९८१ मध्ये सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला. आज्ञावलीकार दोष शोधताना खरोखरच अशा कापांच्या आधारे विचार करतात, हे दाखवणारा त्यांचा प्रयोगाधारित लेख १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीचे सविस्तर विवेचन १९८४ मध्ये आय-ट्रिपल-ईच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीविषयक नियतकालिकात आले. दोषशोधन, चाचणी, जुन्या आज्ञावलींची देखभाल आणि सुरक्षाविषयक तपासणी यांसाठी स्लायसिंगचे अनेक प्रकार नंतरच्या संशोधकांनी विकसित केले.

या कामात वायझर यांनी यंत्राच्या रचनेआधी माणूस विचार कसा करतो हे पाहिले होते. सर्वव्यापी संगणनाकडेही ते याच वाटेने गेले.

झेरॉक्स पार्क

वायझर १९८७ मध्ये पालो आल्टो येथील झेरॉक्स पार्कमध्ये दाखल झाले आणि १९८८ मध्ये तेथील संगणकशास्त्र प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राची ख्याती तोपर्यंत जगभर पोहोचली होती. वैयक्तिक संगणकाचा आद्य नमुना मानला जाणारा आल्टो हा संगणक १९७३ मध्ये येथेच तयार झाला. इथरनेट हे जाळे, लेझर मुद्रक आणि माऊसने चालणारे खिडक्यांचे दृश्य माध्यम यांची जडणघडणही येथेच झाली. एका माणसासमोर एक संगणक हे चित्र ज्या संस्थेने घडवले, त्याच संस्थेत राहून हे चित्र अपुरे आहे असे वायझर यांनी सांगितले.

या विचारामागे पार्कमधील दोन घडामोडी होत्या. १९८७ च्या अखेरीस केंद्रातील इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या संशोधकांनी भिंतीएवढे सपाट पडदे बनवण्याचा प्रस्ताव मांडला. असे पडदे सर्वत्र बसवता येऊ लागले तर संगणकाची जागा नेमकी कोणती, हा प्रश्न त्यातून पुढे आला. दुसरीकडे, ल्युसी सुचमन यांच्या नेतृत्वाखालील मानवशास्त्रज्ञांचा गट प्रत्यक्ष कचेऱ्यांत लोक काम कसे करतात याचे निरीक्षण करीत होता. माणसे एकमेकांशी बोलत, कागद सरकवत, फळ्यावर लिहीत, ये-जा करीत काम करतात आणि एका जागी खिळवून ठेवणारा संगणक त्या कामात नीट बसत नाही, असे या निरीक्षणांतून दिसले. यंत्र अधिक वेगवान वा अधिक हुशार करून हा प्रश्न सुटणार नाही, तर माणसाच्या जीवनातील त्याचे स्थानच बदलावे लागेल, असा निष्कर्ष वायझर यांनी काढला. पार्कचे तत्कालीन संचालक जॉन सीली ब्राउन यांचा या कार्यक्रमाला पाठिंबा होता.

सर्वव्यापी संगणनाची संकल्पना

सायंटिफिक अमेरिकन या मासिकाच्या सप्टेंबर १९९१ च्या अंकात वायझर यांचा एकविसाव्या शतकातील संगणकाविषयीचा लेख प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्रातील सर्वाधिक उद्धृत लेखांमध्ये त्याची गणना होते. सर्वांत खोलवर रुजलेले तंत्रज्ञान डोळ्यांना दिसेनासे होते, हे या लेखाचे सूत्र होते.

हे सूत्र स्पष्ट करण्यासाठी त्यांनी दोन उदाहरणे घेतली. पहिले लेखनकलेचे. एके काळी लेखन ही मोजक्या लोकांपुरती मर्यादित विद्या होती, तर आता दुकानांच्या पाट्यांपासून गोळ्यांच्या वेष्टनांपर्यंत सर्वत्र अक्षरे असतात. ती वाचताना आपण वाचत आहोत याचे भानही राहत नाही. दुसरे उदाहरण विद्युत मोटरीचे. पूर्वी कारखान्यात एक मोठे इंजिन असे आणि दांडे व पट्टे यांच्या साहाय्याने त्यावर अनेक यंत्रे चालत. लहान व स्वस्त मोटरी मिळू लागल्यावर प्रत्येक यंत्रात व अवजारात स्वतंत्र मोटर आली. नेहमीच्या मोटारगाडीत २२ विद्युत मोटरी व २५ सोलेनॉइड असतात, हे त्यांनी गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेच्या आधारे नमूद केले. गाडी चालवणाऱ्याला त्यांपैकी एकीचाही विचार करावा लागत नाही. संगणकाचेही असेच व्हावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

अदृश्यता हा शब्द वायझर यांनी विशिष्ट अर्थाने वापरला. यंत्र लहान करणे वा भिंतीत दडवणे एवढ्याने ते या अर्थी अदृश्य होत नाही. एखादी गोष्ट पूर्णपणे अंगवळणी पडली की तिच्याकडे जाणीवपूर्वक पाहावे लागत नाही, म्हणजे अदृश्यता हा माणसाच्या मनाचा व सवयीचा गुण आहे, असे ते मानत. याच कारणाने त्या काळी चर्चेत असलेल्या दोन प्रवाहांपासून त्यांनी स्वतःला वेगळे ठेवले. आभासी वास्तव हे माणसाला संगणकाने रचलेल्या जगात नेऊन बसवते. वायझर यांना याउलट संगणकच माणसाच्या जगात आणून सोडायचे होते. वापरणाऱ्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्या व त्याच्याशी सेवकाप्रमाणे संवाद साधणाऱ्या बुद्धिमान आज्ञावलींबद्दलही ते साशंक होते. असा सेवक कितीही चतुर असला तरी तो सतत स्वतःकडे लक्ष वेधतो, हा त्यांचा आक्षेप होता.

संगणनाच्या इतिहासाचे त्यांनी टप्पे पाडले. महासंगणकाच्या काळात अनेक माणसे एकच संगणक वापरीत, तर वैयक्तिक संगणकाच्या काळात एका माणसाला एक संगणक मिळाला. सर्वव्यापी संगणनाच्या काळात एका माणसाच्या वाट्याला अनेक संगणक येतील आणि इंटरनेट हा त्याकडे नेणारा संक्रमणाचा टप्पा असेल. हे स्थित्यंतर २००५ ते २०२० या कालावधीत घडेल, असा अंदाज त्यांनी व ब्राउन यांनी १९९६ मध्ये व्यक्त केला होता.

टॅब, पॅड आणि बोर्ड

वायझर यांच्या प्रयोगशाळेने ही संकल्पना तीन आकारांच्या उपकरणांतून उभी केली. इंचाच्या मापाची उपकरणे टॅब, फुटाच्या मापाची पॅड आणि यार्डाच्या मापाची बोर्ड या नावांनी ओळखली जात. एका खोलीत शंभर किंवा अधिक टॅब, दहा-वीस पॅड आणि एक-दोन बोर्ड असावेत, असे प्रमाण त्यांनी कल्पिले होते. चिकटवायच्या चिठ्ठ्या, कागद आणि फळे खोलीत साधारण किती असतात, यावरून ते ठरवले होते.

पार्कटॅब हे तळहातात मावणारे उपकरण रॉय वाँट यांच्या पुढाकाराने विकसित झाले. वाँट यांनी याआधी इंग्लंडमधील केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत ॲक्टिव्ह बॅज या बिल्ल्यावर काम केले होते. हा बिल्ला अवरक्त किरणांद्वारे ठरावीक अंतराने आपली ओळख प्रसारित करी आणि त्यावरून तो घालणारी व्यक्ती इमारतीत कोठे आहे हे कळत असे. पार्कटॅबमध्ये याच अवरक्त संपर्काला छोट्या पडद्याची जोड देण्यात आली. त्याला तीन बटणे होती. खोलीच्या छतावर बसवलेल्या संग्राहकामार्फत ते इमारतीतील जाळ्याशी जोडले जाई. प्रत्यक्ष गणनेचे बहुतेक काम जाळ्यावरील मोठ्या संगणकांवर होई, त्यामुळे टॅबला वीज कमी लागे. उपकरण कोणत्या खोलीत आहे हे प्रणालीला ठाऊक असल्याने त्या ठिकाणाशी संबंधित माहिती देणे शक्य झाले. स्थळ व परिस्थिती ओळखून वागणाऱ्या आज्ञावलींच्या संशोधनाची सुरुवात ज्या कामांतून झाली, त्यांत हा प्रयोग महत्त्वाचा आहे. टॅबवर लिहिण्यासाठी पार्कमध्येच युनिस्ट्रोक ही लिपी तयार झाली. तीत प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात काढता येई.

पॅडची कल्पना आजच्या टॅबलेट संगणकापेक्षा वेगळी होती. ते कोणा एकाच्या मालकीचे नसावे, खोलीत पडलेल्या कोऱ्या कागदासारखे कोणीही उचलून वापरावे व तेथेच ठेवून जावे, असा वायझर यांचा आग्रह होता. एका खिडकीवर दुसरी खिडकी उघडत पडद्यावर दाटी करण्याऐवजी कागदांप्रमाणे अनेक पॅड टेबलावर पसरून ठेवता यावेत, हा त्यामागचा हेतू होता.

लाइव्हबोर्ड हा फळ्याएवढा पडदा होता. त्यावर मागील बाजूने चित्र प्रक्षेपित होई आणि विशेष लेखणीने लिहिता येई. दूरच्या ठिकाणांचे लाइव्हबोर्ड एकमेकांना जोडून दोन्हीकडील लोकांना एकाच वेळी लिहिता येत असे. झेरॉक्सने पुढे लाइव्हवर्क्स या कंपनीमार्फत तो बाजारात आणला, मात्र त्याला मोठे व्यापारी यश लाभले नाही.

वायझर यांची कार्यपद्धती प्रयोगशील होती. भावी काळात स्वस्त होणारी उपकरणे आजच महाग दराने बनवावीत, सहकाऱ्यांनी ती रोजच्या कामात वापरावीत आणि त्यातून काय अडते ते शिकावे, असा त्यांचा दृष्टिकोन होता. बनवणाऱ्यांनी स्वतः वापरल्याशिवाय अशा प्रणालीचे खरे दोष कळत नाहीत, असे ते मानत.

प्रणालीरचनेचे प्रश्न

कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या नियतकालिकाच्या जुलै १९९३ च्या अंकात वायझर यांनी सर्वव्यापी संगणनातून निर्माण होणाऱ्या तांत्रिक प्रश्नांची मांडणी केली. शेकडो लहान उपकरणे एकाच जागी चालवायची तर संगणकशास्त्राची जवळजवळ प्रत्येक शाखा नव्याने तपासावी लागते, हे त्यांनी या लेखात दाखवले.

बिनतारी जाळ्याची क्षमता केवळ दर सेकंदाला किती बिट या मापाने मोजणे त्यांना अपुरे वाटले. एकाच खोलीत अनेक उपकरणे बोलू लागली की एकमेकांना अडथळा होतो, म्हणून दर घनमीटर जागेत दर सेकंदाला किती बिट वाहतात हे माप त्यांनी सुचवले. विजेच्या बाबतीतही त्यांचा दृष्टिकोन असाच होता. प्रक्रियक किती वेगवान आहे यापेक्षा तेवढ्याच विजेत तो किती काम करतो याला त्यांनी महत्त्व दिले. ब्रेंट वेल्च, ॲलन डेमर्स व स्कॉट शेंकर यांच्यासमवेत १९९४ मध्ये त्यांनी प्रक्रियकाच्या ऊर्जाबचतीवर शोधनिबंध सादर केला. काम घाईने उरकून मग रिकामे बसण्यापेक्षा कमी विद्युतदाबावर व संथ गतीने ते पूर्ण केल्यास ऊर्जा वाचते, हे या निबंधाचे सार होते. प्रत्यक्ष वापराच्या नोंदींवर आधारलेल्या सादृश्यीकरणात ही बचत काही परिस्थितींत ५० ते ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते असे आढळले. कामाच्या भारानुसार प्रक्रियकाची गती व विद्युतदाब बदलणे हे बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणांत पुढे सर्रास रूढ झाले.

खासगीपणा आणि नियंत्रण

सर्वव्यापी संगणनातील धोक्याची जाणीव वायझर यांच्या लेखनात प्रारंभापासून आहे. प्रत्येक खोलीतील शेकडो संगणक जवळच्या माणसांची नोंद घेऊ लागले व वेगवान जाळ्याने जोडले गेले, तर पूर्वीच्या कोणत्याही हुकूमशाहीला साधली नसेल अशी पाळत शक्य होईल, असा इशारा त्यांनी १९९१ च्या लेखातच दिला होता. अतिउत्साही सरकारी अधिकारी आणि विक्रीव्यवसायातील कंपन्या या दोघांकडूनही अशा माहितीचा गैरवापर होऊ शकतो, हे त्यांनी तेथे नमूद केले. कूटलेखनाच्या तंत्रांनी या माहितीचे रक्षण करता येईल, मात्र ती तंत्रे प्रणालीत आरंभापासूनच गुंफली पाहिजेत, असे त्यांचे मत होते.

रिच गोल्ड व ब्राउन यांच्यासह लिहिलेला व वायझर यांच्या निधनानंतर १९९९ च्या अखेरीस आयबीएम सिस्टम्स जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला लेख याच प्रश्नाकडे अधिक खोलात जाऊन पाहतो. खासगीपणाच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रश्न मुळात नियंत्रणाचा आहे, असे त्यात मांडले आहे. प्रणाली सर्वत्र पसरलेली आणि त्याच वेळी अदृश्य असेल, तर कोणती वस्तू कशाशी जोडलेली आहे, माहिती कोठे वाहते, तिचा वापर कोण करते आणि काय बिघडले आहे हे कळणे कठीण होते. अदृश्यतेचा हा दोष संकल्पनेच्या प्रवर्तकांनीच या लेखात नोंदवला.

शांत तंत्रज्ञान

इ.स. १९९५ व १९९६ मध्ये वायझर यांनी ब्राउन यांच्यासमवेत शांत तंत्रज्ञानावर लेखन केले. एका माणसाभोवती अनेक संगणक असतील आणि प्रत्येक जण त्याचे लक्ष मागू लागला, तर जगणे असह्य होईल, म्हणून माणसाचे अवधान हीच जपण्याची गोष्ट आहे, असे त्यांनी या लेखनात म्हटले. त्यासाठी त्यांनी अवधानाचे केंद्र व परिघ असा भेद केला. गाडी चालवताना लक्ष रस्त्यावर किंवा शेजाऱ्याशी चाललेल्या बोलण्यावर असते आणि इंजिनाचा आवाज परिघावर राहतो. तो आवाज बदलला की मात्र लक्ष क्षणात तिकडे वळते. चांगले साधन परिघावर राहून माहिती देते, गरज पडताच केंद्रात येते आणि पुन्हा परिघावर जाते, असा त्यांचा सिद्धान्त होता.

याचे त्यांनी दिलेले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पार्कमधील कलावंत नॅटली जेरेमिजेंको यांच्या कलाकृतीचे आहे. छतावरील छोट्या मोटरीला त्यांनी सुमारे ८ फूट लांबीची प्लास्टिकची दोरी टांगली आणि ती मोटर इथरनेटच्या तारेला जोडली. जाळ्यातून माहिती जाई तशी दोरी हले. वर्दळ कमी असताना ती अधूनमधून थरथरे आणि वर्दळ वाढली की आवाज करीत गरगर फिरे. आसपासच्या खोल्यांत काम करणाऱ्यांना मान वर न करताही जाळ्याची स्थिती कळत असे. या रचनेत आकडे, आलेख वा सूचना यांपैकी काहीही नव्हते.

इतर कार्य

हान्स बोएम यांच्यासमवेत वायझर यांनी १९८८ मध्ये सी भाषेतील आज्ञावलींसाठी वापरात नसलेली स्मृती आपोआप परत मिळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सी भाषेत कोणते मूल्य पत्ता आहे व कोणते साधा अंक आहे हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून पत्त्यासारखे दिसणारे प्रत्येक मूल्य पत्ताच मानून सावधपणे सफाई करणे, हे या पद्धतीचे तत्त्व होते. डेमर्स यांच्या सहभागामुळे ही प्रणाली बोएम-डेमर्स-वायझर संकलक या नावाने ओळखली जाते. ती अनेक मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत वापरली गेली.

इ.स. १९९६ मध्ये वायझर यांची पार्कच्या मुख्य तंत्रज्ञपदी नेमणूक झाली.

वैयक्तिक जीवन

वायझर हे सिव्हियर टायर डॅमेज या रॉक वाद्यवृंदात ड्रम वाजवीत. संगणक व्यवसायातील सहकाऱ्यांच्या या वृंदाने २४ जून, १९९३ रोजी एमबोन या जाळ्यावरून आपला कार्यक्रम प्रक्षेपित केला. इंटरनेटवरून थेट कार्यक्रम सादर करणारा हा पहिला वाद्यवृंद मानला जातो. नोव्हेंबर १९९४ मध्ये रोलिंग स्टोन्स यांच्या मैफलीचे याच जाळ्यावरून प्रक्षेपण झाले, तेव्हा त्यापूर्वी या वृंदाने आपले वादन प्रक्षेपित केले होते.

त्यांच्या पत्नी व्हिक्टोरिया राइक या ग्रंथपाल असून स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉक्स या डिजिटल ग्रंथसंग्रहाच्या जतनप्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक आहेत. या दांपत्याला दोन मुली झाल्या.

निधन

इ.स. १९९९ च्या वसंतात वायझर यांना जठराचा कर्करोग असल्याचे निदान झाले. निदानानंतर थोड्याच आठवड्यांनी, २७ एप्रिल, १९९९ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा आणि मूल्यमापन

वायझर यांच्या निधनाच्या वर्षी, सप्टेंबर १९९९ मध्ये, जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हातात मावणाऱ्या उपकरणांवर व सर्वव्यापी संगणनावर पहिली परिषद भरली. २००१ पासून ती युबिकॉम्प या नावाने ओळखली जाऊ लागली. आय-ट्रिपल-ईने २००२ मध्ये पर्व्हेसिव्ह कम्प्युटिंग हे नियतकालिक सुरू केले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील महादेव सत्यनारायणन हे त्याचे संस्थापक संपादक होते. पहिल्याच अंकात वायझर यांचा १९९१ चा लेख पुनर्मुद्रित करण्यात आला. एसीएमच्या ऑपरेटिंग सिस्टमविषयक गटातर्फे २००१ पासून मार्क वायझर पुरस्कार दिला जातो. पहिला पुरस्कार फ्रान्स काशुक यांना मिळाला.

उपकरणांच्या बाबतीत वायझर यांचे भाकीत मोठ्या प्रमाणात खरे ठरले. टॅब, पॅड व बोर्ड यांच्या आकाराची उपकरणे स्मार्टफोन, टॅबलेट आणि स्पर्शपडद्यांच्या रूपाने जगभर पसरली. त्यांच्या हेतूबाबत मात्र असे म्हणता येत नाही. पॅड ही कोणाच्याही मालकीची नसलेली वस्तू असावी अशी अपेक्षा होती, तर आजचे उपकरण एकेका व्यक्तीच्या खात्याशी बांधलेले असते. साधन परिघावर राहावे असा आग्रह होता, तर फोनवरील सूचना माणसाचे लक्ष वारंवार खेचून घेतात. विक्रीसाठी माहिती गोळा होण्याबाबत त्यांनी दिलेला इशाराही प्रत्यक्षात उतरला.

अभ्यासकांनी त्यांच्या मांडणीची चिकित्साही केली आहे. इव्हॉन रॉजर्स यांनी २००६ मध्ये शांततेच्या आदर्शावर आक्षेप घेतला. माणसाला नकळत सेवा देणाऱ्या प्रणालींपेक्षा त्याला कामात गुंतवणाऱ्या व विचारास प्रवृत्त करणाऱ्या प्रणाली अधिक उपयुक्त ठरतील, असे त्यांनी मांडले. जेनेव्हीव्ह बेल व पॉल डूरिश यांनी २००७ मध्ये असे दाखवून दिले की, हे क्षेत्र वायझर यांच्या भविष्यचित्राकडेच पाहत राहिले, पण सिंगापूर व दक्षिण कोरिया यांसारख्या देशांत सर्वव्यापी संगणन निराळ्या व अधिक विस्कळीत रूपात केव्हाच अवतरले होते. संगणनाच्या पायाभूत सोयी कधीही एकसंध व निर्दोष नसतात, त्यामुळे पूर्ण अदृश्यतेची वाट पाहणे व्यर्थ आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

जॉन टिनेल यांनी लिहिलेले वायझर यांचे चरित्र २०२३ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकात वायझर यांना पालो आल्टोचा तत्त्वज्ञ असे संबोधले आहे.